तिरपी रेघ

वरूडच्या कोर्टात
आमच्या घराला आता एक नंबर आहे.
वादी : पंचफुला, भ्र. नारायण ढोमणे, वय सदुसष्ट.
प्रतिवादी : माझा भाऊ.
मी साक्षीदार क्रमांक तीन, भावाच्या बाजूची.
त्याच्याच जीपमधून आले.
वाटेत रसवंतीवर थांबवून त्याने दोन ग्लास पाजले,
सुटे पैसे मोजता मोजता म्हणाला,
"तुले फक्त हो म्हणाचं हाय."

दाव्याचं मूळ एवढंच :
सात एकर विहिरीसकट, संत्र्याची झाडं,
आणि तलाठ्याच्या दप्तरातला एक कागद,
'मी माझा हिस्सा भावास राजीखुशीने सोडला आहे.'
खाली जांभळा अंगठा.
आत्या म्हणते, माझा नाही.
अकरा वर्षं म्हणते आहे.
पहिल्या वर्षी लोक हसले,
आता तिला बाकावर सरकून जागा देतात.

मागच्या तारखेला नागपूरहून तज्ज्ञ आला होता,
भिंगवाला, कमी बोलणारा.
म्हणाला, ठसा वादीचा नाही.
मयताच्या विधवेचाही नाही.
कोणा बारक्या चणीच्या बाईचा असावा,
आणि मधून एक तिरपी पांढरी रेघ जाते,
जुन्या जखमेची.
साहेबांनी विचारलं, मग कोणाचा?
बाहेर कोणाची तरी फटफटी सुरूच होत नव्हती.
मी पदराखाली मूठ मिटली.

त्या रात्री लाइन गेली होती.
तलाठी खाटेवर, बाप कंदिलापाशी,
आई चुलीकडे तोंड करून
घासलेलाच तवा घासत.
मला झोपेतून उठवलं. आठ वर्षांची मी.
पॅड वाळलं होतं.
बापाने तांब्यात बोटं बुडवून थेंब शिंपडले,
देवावर शिंपडावे तसे,
आणि माझा अंगठा धरला
इतका हळू
की मला वाटलं, हे लाड आहेत.
सकाळी आईने राखेने बोट घासून घासून लाल केलं.
"सांगशीन तं..." म्हणाली,
पुढचं बोललीच नाही,
मरेपर्यंत.

आणि ती रेघ?
विळीवर अंबाडी चिरताना.
आत्या पोळ्याला आली होती माहेरी,
तिनेच हळद दाबली,
नव्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडून बांधला
आणि रात्रभर माझा हात उभा धरून बसली,
रक्त खाली उतरू नये म्हणून.
टाके घालायला हवे होते.
सगळे म्हणाले, येते भरून.
आलं. रेघ ठेवून.

आज ती समोर आहे,
चपला बाकाखाली, पिशवीत डबा.
माझ्याकडे पाहत नाही.
पण तज्ज्ञ 'रेघ' म्हणाला तेव्हा
तिने आपल्या काठाला हात लावला होता.
मी पाहिलं.
तेव्हापासून तिला सगळं ठाऊक आहे,
आणि एका महिन्यात
ती माझ्या दारात आली नाही,
निरोप नाही, फोन नाही.
हेच मला झोपू देत नाही.

शपथ झाली.
उमाळे वकिलांनी विचारलं,
वादीने तुमच्या समक्ष अंगठा केला, हे खरं आहे?
भाऊ खिशातल्या खिशात किल्ली वाजवत होता.
मी बोलले.
टाइप करणारा दोनदा थांबला,
वर पाहिलं, पुन्हा टाइप करू लागला.
किल्लीचा आवाज बंद झाला.

कागद माझ्यापुढे आला.
साहेब म्हणाले, सही करा बाई, शाळेत शिकवता ना?
मी पेन परत केला.
"अंगठा चालते काय, साहेब?"

शिपायाने कपाटातून पॅड काढलं.
वाळलेलं.
तो पाणी आणायला गेला.